कढीपत्ता लावावा की ईश्वरीचा वेल?

फुलपाखरं घरी यावीत म्हणून लोक फुलझाडं आणतात. फुलपाखरू येतं, रस पितं आणि निघून जातं. त्यानं इथंच जन्माला यावं असं वाटत असेल, तर अळीच्या पानाची सोय आधी करावी लागते. प्रत्येक जातीच्या अळीला ठरावीकच पाला चालतो, दुसरा ती खात नाही. स्वॅलोटेल कुळातली फुलपाखरं हवी असतील तर मी दोन वनस्पतींतून निवड करायला सांगेन: कढीपत्ता आणि ईश्वरी, जिला सापसन असंही म्हणतात.

कढीपत्ता कुठंही मिळतो आणि कुंडीत वर्षानुवर्षं जगतो. कॉमन मॉर्मन आणि लाइम बटरफ्लाय भर शहरातही त्यावर अंडी घालतात. मादी पुढच्या पायांनी पान टपटप बडवते. पायांनीच ती पानाची चव ओळखते. मग एक पिवळसर अंडं चिकटवून पुढच्या पानावर जाते. लहान अळी थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मला तर ते अजूनही दर वेळी बघावंसं वाटतं.

अडचण आहे ती भुकेची. वीत-दीड वीत रोपावर चार-पाच मोठ्या अळ्या असल्या तर बघता बघता काड्या उरतात. म्हणून दोन-तीन रोपं ठेवा आणि फोडणीचं रोप वेगळं ठेवा. शिवाय नर्सरीतल्या रोपावर फवारणी झालेली असू शकते. मी एकदा आणलेल्या रोपावरच्या सगळ्या अळ्या दोन दिवसांत काळ्या पडून मेल्या. तेव्हापासून नवं रोप आधी जाळीखाली ठेवतो आणि नवी पालवी फुटली की मगच उघडं करतो.

ईश्वरी मिळवणंच कठीण. देशी झाडांची रोपवाटिका शोधावी लागते, वेलाला आधार द्यावा लागतो आणि तो सावकाश वाढतो. पण त्यावर कॉमन रोज आणि क्रिमझन रोज वाढतात, आणि कोकणात किंवा सह्याद्रीलगत घर असेल तर भलंमोठं सदर्न बर्डविंगही. या पानांतलं ॲरिस्टोलोकिक आम्ल अळी अंगात साठवते, ते फुलपाखरातही उतरतं आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत.

इथं दोन्ही झाडांची गोष्ट एकत्र येते. कॉमन मॉर्मनच्या मादीची आपल्याकडे तीन रूपं दिसतात. एक नरासारखं, दुसरं कॉमन रोजसारखं, तिसरं क्रिमझन रोजसारखं. तिच्या अंगात ते विष नसतं, पण त्या वेशामुळे ती वाचते. म्हणजे नक्कल कढीपत्त्यावर वाढते आणि अस्सल ईश्वरीवर. दोघी एकाच घाणेरीच्या फुलांवर बसलेल्या दिसल्या तर अंगाचा रंग बघा: रोजचं अंग लाल, मॉर्मनचं काळं.

ईश्वरीबाबत दोन गोष्टींचा मला खरंच घोर लागतो. तेच आम्ल माणसाच्या मूत्रपिंडाला घातक आणि कर्करोगकारक आहे, त्यामुळे घरगुती औषध म्हणून तिचं पान-मूळ कधीही पोटात घेऊ नका. दुसरं, तिच्याच जातकुळीतले मोठ्या फुलांचे परदेशी वेल शोभेसाठी विकले जातात, ते नकोत. ऑस्ट्रेलियात रिचमंड बर्डविंग अशाच एका दक्षिण अमेरिकी वेलावर अंडी घालतं आणि अळ्या पान खाऊन मरतात.

फ्लॅट असेल, उन्हाची गॅलरी असेल, तर कढीपत्ता. पायाखाली जमीन, कुंपण आणि जवळ झाडीची टेकडी असेल तर माझं मत ईश्वरीला. अंगण मोठं असेल तर जोडीला लिंबू किंवा पपनसही लावा. २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळालेल्या ब्लू मॉर्मनची, म्हणजे राणी पाकोळीची अळीही लिंबूवर्गीय पानांवरच पोसते. जमिनीत लावायचं ते पहिल्या पावसानंतर लावा, आणि त्या कोपऱ्यात कुणाला फवारा मारू देऊ नका.