७६ वर्षाच्या बाबाचं इन्कम टॅक्स रिटर्न भरलं त्या दुकानाबद्दल

दुकानाले पाटी नाही. हिंगणघाटच्या बाजारात टॅक्सवाले काका कुठं बसते इचारा, झेरॉक्सवाल्याच्या मागची खोली दाखवून देतील. पाचपैकी चार स्टार, एक काहून कापला ते सांगतो.

आमचे बाबा रिटायर मास्तर. पेन्शन महिन्याची ३० हजार, थोडी एफडी, पण घरी बसणं जमत नाही म्हणून कापसाच्या सीझनमधे सहा महिने एका जिनिंगवर हिशोब लिहायले जाते, १५ हजारानं. २०२४-२५ मधे जिनिंगवाल्यानं त्या ९० हजारातून १० टक्के टॅक्स म्हणजे ९ हजार कापले अन् बँकेनं ६० हजार व्याजावर ६ हजार. आता गावात तं सगळे छातीठोक सांगते का पंचाहत्तरी झाली म्हणजे रिटर्नच नाही, मंग कापलेले पैसे आणाचे कुठून?

आधी एका ऑनलाइन सेंटरवर गेलो. ३०० रुपयात पोरानं दहा मिनिटात आयटीआर १, म्हणजे पगार-पेन्शनवाल्याचा साधा फॉर्म, भरून देल्ला, जिनिंगचे पैसे दाखवलेच नाही, मंग मेल आला का रिटर्न डिफेक्टिव्ह आहे, १५ दिवसात दुरुस्त करा. ज्या माणसाच्या मस्टरवर जन्मात खाडाखोड नाही त्याची झोपच उडाली ना बाप्पा.

काकानं पहिले २६ एएस, म्हणजे कोणं किती टॅक्स कापला त्याचा सरकारी कागद, काढला, चष्मा कपाळावर नेला अन् म्हणे, मास्तर, ७५ वाली सवलत २०२१ च्या बजेटची, पण ती फक्त पेन्शन अन् त्याच बँकेचं व्याज असणाऱ्याले, ते बी बँकेत फॉर्म देल्ला तं. तुमी कमावता म्हणून तुमी बाद. अ‍ॅडव्हान्स टॅक्सची, म्हणजे साल संपाच्या आधीच हप्त्यानं भराच्या टॅक्सची, माफी बी तशीच, साठीनंतर भेटते, पण धंदा नाहीतं प्रोफेशनची कमाई असली का गेली. बाबा म्हणे, म्हणजे सरकारले बुढा खाटेवरच पाह्यजे का? काका हासले, पण हो-नाही काही बोलले नाही.

मंग आयटीआर ४ भरला, तो अशा कमाईवाल्याचा फॉर्म. हिशोबाच्या कामाची निम्मीच रक्कम नफा धरता येते, म्हणजे ९० चे ४५ हजार. पेन्शनमधून ७५ हजाराची ठरलेली सूट वजा, व्याज पुरं धरलं, टोटल ३ लाख ९० हजार. टॅक्सच्या नव्या पद्धतीत त्या साली ७ लाखापर्यंत रिबेट, म्हणजे टॅक्स माफ, होती, टॅक्स शून्य, १५ हजार पुरे खात्यात आले. फी ७०० घेतली, मले महाग नाही वाटली.

आता एप्रिल २०२५ पासून म्हाताऱ्याच्या व्याजावर १ लाखापर्यंत बँक टॅक्स कापत नाही, पण जिनिंगची कपात राहीनच, तिथं बँकेत देते तसा 'टॅक्स कापू नका'वाला फॉर्म चालत नाही म्हणे, दरसाल रिटर्न भरूनच परत मागा लागते. हे सारं काकानं कागदावर लिहून देल्लं, दोनदा समजावलं, बाबाले ऐकू कमी येते तं मोठ्यानं. तेवढं कोण करते हो आजकाल.

एक स्टार कापला तो पासवर्डचा. साऱ्या गिऱ्हाइकाचे पासवर्ड एका वहीत, वही टेबलावर उघडी, मी घरी येऊन पहिले तो बदलला. पावती बी मागितल्याशिवाय देत नाही, अन् फोनपे नाही, नगदच न्या. जाल तं सकाळी जा, दुपारी लाइट गेली का काका बी घरी जाते.