ब्रेकची हवा काढायचा हातपंप, आठ महिन्यांनंतर

गेल्या मे महिन्यात संभाजीनगरहून येताना कन्नड घाट उतरलो आणि शेवटच्या वळणांवर ब्रेकचं पेडल गादीसारखं दबलं. गाडी थांबली, पण चाळीसगाव येईपर्यंत घसा कोरडाच. ब्रेक ऑईल चार वर्षांचं होतं. हे ऑईल हवेतला ओलावा पितं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑईलचा एक दर्जा) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलेल्याची हीच मर्यादा १५५. त्यात सलग उतार आणि आपल्याकडचं ऊन. ऑईल उकळलं की वाफ होते, ती दबते आणि पेडल मऊ पडतं.

जुनं ऑईल नि आतली हवा काढायला कुणाची मदत लागू नये म्हणून निपलला (चाकाजवळचा, हवा काढायचा पोकळ स्क्रू) लावून ऑईल ओढणारा हातपंप घेतला. पहिल्याच चाकाला नळीत बुडबुडे सुरू झाले ते थांबेचनात. अर्धी बाटली ऑईल गेल्यावर उमगलं, पंप निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढतोय! बुडाशी ग्रीस फासलं तेव्हा बुडबुडे कमी झाले, पण आतली हवा कोणती नि बाहेरची कोणती, हे कळायला मार्ग नाही. पेडल तसंच मऊ.

शेवटी भाच्याला बसवलं. तो पेडल दाबून ओरडायचा, "मामा, दाबेल शे!" मी निपल उघडायचो, ऑईल बाटलीत उतरलं की बंद करायचो, मगच त्याने पाय उचलायचा. हा क्रम एकदा चुकला, हवा परत आत, पुन्हा पहिल्यापासून. माझ्या गाडीच्या पुस्तकात मागचं डावं चाक आधी आहे. तुमचं पुस्तक बघा. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. गाडी जुनी, पेडल तळापर्यंत गेलं तर मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑईल ढकलणारी नळी) रबर कधी न घासलेल्या, गंजलेल्या भागावर जाऊन फाटू शकतं. साधा पाना निपलची कड खातो, रिंग पानाच घ्या. ब्रेक ऑईलच्या टाकीतली पातळी मात्र दर पाच-सहा दाबांनी बघायचीच, टाकी रिकामी झाली की हवा परत आत. बॉनेटवर सांडलेलं मी तासभर विसरलो, तिथला रंग गेला. लगेच पाणी ओतायला हवं होतं.

पंपाचा खरा उपयोग एकच झाला: टाकीतलं काळं ऑईल आधी उपसून काढायला. तेही डिसेंबरपर्यंत. ओढलेलं ऑईल जमायची डबी भरली, ऑईल पंपात शिरलं, आतलं रबर फुगलं, आता तो ओढ धरत नाही.

जानेवारीत पुन्हा घाट उतरलो. पेडल वरच्या वर घट्ट. भाच्याला वाटेत रसवंतीवर दोन ग्लास पाजले.