शिकारी टाईप बाणाला पीस की प्लॅस्टिक व्हेन? आठ महिन्यांचा अनुभव

डिसेंबरपासून बाणाच्या शेपटीला पीस आणि व्हेन (प्लॅस्टिकची पट्टी) दोन्ही वापरून राहिलो, आता जरा सविस्तर लिहितो. आधीच क्लिअर करतो, आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि बंदच राहावी, मी तसले जड बाण फक्त फोमच्या टार्गेटवर मारतो. धनुष्य लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं), रेस्ट म्हणजे बाण टेकवायचा वेगळा आधार नाही, बाण सरळ शेल्फला, म्हणजे मुठीवरच्या खाचेला, घासून जातो.

आणि सगळा फरक या घासण्यातच आहे. पहिले दोन महिने २ इंची प्लॅस्टिक व्हेन लावल्या होत्या, व्हेन कडक, ती शेल्फला लागली की बाणाची शेपटी उडायची, मी आपला रोज रिलीज (दोरी सोडणं) सुधारत बसलो. मग ४ इंची पिसं लावली, पीस घासताना दबतं आणि पुढे गेलं की लगेच उभं राहतं, १८ मीटरवर त्याच दिवशी बाण जवळजवळ पडायला लागले! शिकारीच्या बाणाला पुढे रुंद पातं असतं, तेही हवेत पंखासारखं वागून बाणाला भलतीकडे नेतं, म्हणून मागे मोठी पिसं आणि तीही पीळ देऊन, म्हणजे हेलिकल. पीळ जास्त तर बाण लवकर सरळ होतो पण हवा जास्त धरतो, ४० मीटरच्या पुढे माझे बाण चांगलेच खाली पडतात. कंपाउंडवाल्यांचं (चाकं लावलेलं धनुष्य) गणित वेगळं, आपला ओजस देवतळे २०२३ ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाला तो ५० मीटरचा खेळ, तिथे छोटी व्हेनच बरोबर.

पिसं घेताना एक पाहाच. पीस डाव्या पंखाचं की उजव्या हे एका बाणावर सारखंच पाहिजे, क्लॅम्पही (पीस चिकटवताना धरायचा चिमटा) त्याच पिळाचा. मला एका पाकिटात मिक्स आली होती, बूड शाफ्टवर (बाणाच्या दांड्यावर) बसेचना, अर्धी पिसं वाया गेली, खूप वाईट वाटलं कारण इथे सहज मिळत नाहीत ती. शाफ्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसूनच ग्लू लावा, हाताचं तेल राहिलं की पीस निघालंच समजा.

अजून एक, शाफ्टचा स्पाईन (किती कडक-नरम ते) चुकीचा असेल तर कितीही भारी पिसं लावा, उपयोग नाही. बिनपिसाचा बाण पिसवाल्यांसोबत मारून पाहा, उजव्या हाताने ओढणाऱ्याचा तो डावीकडे गेला तर शाफ्ट कडक, उजवीकडे गेला तर नरम. हे मी उशिरा केलं, आधी करायला पाहिजे होतं.

मे महिन्यात बाण गाडीत ठेवले होते, नागपूरचं ऊन माहीतच आहे, व्हेनला लाटा पडल्या, पिसांना काहीच झालं नाही. पावसाळ्यात मात्र उलटं. भिजलं की पीस चपटं पडतं, वॉटरप्रूफ पावडर लावली तरी काल रिमझिमीत चार-पाच बाणांनंतर पिसं बसलीच, घरी आणून केटलच्या वाफेवर धरली तेव्हा परत उभी राहिली.