भिंतीवर कोणाला जागा मिळते: लंडनची नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी

ट्रफाल्गर स्क्वेअरला येणारे बहुतेक पर्यटक नॅशनल गॅलरी पाहतात आणि तिच्या पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीकडे न वळता निघून जातात. तीन वर्षांच्या नूतनीकरणानंतर जून २०२३ मध्ये ती पुन्हा खुली झाली, त्यानंतर मी तिथे चार वेळा जाऊन आलो. ब्रिटिश समाज कसा बदलत गेला हे ज्याला समजून घ्यायचे आहे, त्याने या शहरात सर्वांत आधी इथे यावे, असे माझे पूर्ण विचारांती झालेले मत आहे.

ही संस्था १८५६ साली स्थापन झाली. चित्र किती सुंदर आहे यापेक्षा चित्रातील व्यक्तीचे देशाच्या इतिहासातील स्थान काय, हा निवडीचा निकष तेव्हाच ठरला. संग्रहात दाखल झालेले पहिले चित्र शेक्सपिअरचे म्हणून ओळखले जाते. राजा-राणी वगळता कोणाही हयात व्यक्तीचे, किंवा निधनाला दहा वर्षे उलटली नसतील अशा व्यक्तीचे चित्र स्वीकारायचे नाही, हा नियम शतकभर पाळला गेला आणि १९६९ मध्ये तो रद्द झाला. त्याआधी दोनच वर्षे रॉय स्ट्राँग तरुण वयात संचालक झाले होते, आणि १९६८ मध्ये त्यांनी सेसिल बीटन यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवून या गंभीर वास्तूचे दार नट-नट्यांना आणि फॅशनच्या जगाला उघडून दिले होते. पुढे २००४ मध्ये गॅलरीने स्वतःहून काम सोपवून झोपलेल्या डेव्हिड बेकहॅमचे चलत्चित्र करवून घेतले. सेनापती आणि पंतप्रधान यांच्या पंगतीला फुटबॉलपटू बसला, आणि तोही गाढ झोपेत. ब्रिटनमधील मोठेपणाची व्याख्या किती बदलली, हे याहून नेमकेपणाने सांगता येणार नाही.

माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट मात्र फार छोटी आहे. १९१४ च्या जुलैमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या एका कार्यकर्तीने याच गॅलरीत शिरून चित्रकार मिले यांनी काढलेल्या इतिहासकार थॉमस कार्लाइलच्या चित्रावर वार केले होते. त्या काळात अशा स्त्रियांना पहारेकऱ्यांनी ओळखावे म्हणून पोलिसांनी त्यांचे चोरून किंवा बळजबरीने टिपलेले फोटो कलासंग्रहालयांना वाटले. आज तेच फोटो या गॅलरीच्या संग्रहात आहेत. त्यांपैकी एव्हलिन मॅनेस्टा हिचा फोटो सावकाश पाहावा. गळ्याभोवती रुमाल गुंडाळल्यासारखे दिसते, पण मूळ फोटोत तिथे तिला कॅमेऱ्यासमोर जखडून धरणारा पहारेकऱ्याचा हात होता, आणि तो वरून रंगवून झाकून टाकलेला आहे. ज्यांना दाराबाहेर ठेवण्यासाठी हे फोटो आले, त्याच स्त्रिया आता संग्रहाच्या मानकरी आहेत. हे वाचून माहीत असणे वेगळे आणि तो खोटा रुमाल डोळ्यांनी पाहणे वेगळे. माझा तर घसा दाटून आला होता.

मेरी सीकोल यांचे १८६९ चे तैलचित्र वहीच्या पानापेक्षा फारसे मोठे नाही. जमैकात जन्मलेल्या आणि क्रिमियाच्या युद्धात सैनिकांची शुश्रूषा केलेल्या या स्त्रीचा चेहरा एका बाजूने दिसतो. गळ्याला लाल रुमाल आहे, छातीवर तीन पदके आहेत. हे चित्र वर्षानुवर्षे दुसऱ्याच एका चित्राच्या चौकटीत, मागचा पुठ्ठा म्हणून दडपलेले होते आणि जुन्या वस्तूंच्या बाजारातील खरेदीतून योगायोगाने उजेडात आले. गॅलरीने ते २००८ मध्ये विकत घेतले. याउलट रेनॉल्ड्स यांनी रंगवलेले माई या पॉलिनेशियन तरुणाचे भव्य चित्र २०२३ मध्ये अमेरिकेतील गेटी संग्रहालयासोबत भागीदारीत तब्बल ५ कोटी पौंडांना घेण्यात आले, आणि ते दोन्ही देशांत आळीपाळीने राहते. ही रक्कम मोजायला गॅलरी तयार झाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

मांडणी कालक्रमाने आहे. वरच्या मजल्यावर सोळाव्या शतकातले ट्यूडर राजघराणे भेटते आणि खाली उतरत उतरत आपण वर्तमानात येतो. वरची दालने शांत आणि भरीव आहेत. अगदी अलीकडच्या काळातील विभाग मला तुलनेने उथळ वाटतो, कारण काळाच्या चाळणीतून न गेलेली प्रसिद्धी तिथे पुष्कळ आहे आणि दहा वर्षे थांबण्याच्या जुन्या नियमात थोडे शहाणपणही होते, असे मला वाटते. तरीही त्याच काळातले, ब्रायन ऑर्गन यांनी १९८१ मध्ये लग्नाआधीच्या डायनाचे काढलेले चित्र कोणी चुकवू नये. मुकुट नाही, रेशमी झगा नाही. पँट आणि जाकीट घातलेली एक तरुणी खुर्चीवर आडवी बसली आहे. राजघराण्याचे चित्र इतके घरगुती असू शकते, ही गोष्ट तेव्हा अनेकांना पचली नव्हती. चित्र लागल्यानंतर काही आठवड्यांतच एका प्रेक्षकाने ते फाडले आणि दुरुस्तीनंतर ते पुन्हा भिंतीवर आले.

कायमच्या संग्रहाला प्रवेश मोफत आहे, तिकीट फक्त खास प्रदर्शनांना लागते. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री नऊपर्यंत गॅलरी उघडी असते, आणि निवांत पाहायचे तर मी या संध्याकाळीच जातो. आत शिरताना क्षणभर थांबावे. इमारतीच्या बाहेरच्या भिंतींवर दगडात कोरलेले जुने चेहरे सगळे पुरुषांचे आहेत. त्यांच्याखाली, नव्या प्रवेशद्वाराच्या काशाच्या दारांवर, कलावंत ट्रेसी एमिन यांनी रेखाटलेले ४५ चेहरे आहेत. ते सगळे स्त्रियांचे आहेत, आणि एकाखालीही नाव नाही.