नऊ लाखांची सरासरी

संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीला सरासरीचाच आकडा दाखवून फसवता येते, हे लिहिताना आजही संकोच वाटतो. मात्र दादर-ठाणे पट्ट्यात ‘क्लिनिकल सॅस’च्या, म्हणजे औषध-चाचण्यांचा डेटा सॅस या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरवर हाताळायला शिकवणाऱ्या वर्गांची पत्रके पुन्हा वाटली जात असल्याने लिहिणे भाग आहे.

दादर स्थानकाजवळच्या त्या संस्थेत समुपदेशक बाईंनी जे सांगितले, त्यातला पहिला भाग खरा होता. १७ डिसेंबर २०१६ नंतर सुरू झालेल्या ज्या चाचण्यांच्या आधारे अमेरिकेत नव्या औषधासाठी मंजुरी मागितली जाते, त्यांचा डेटा तेथील नियामकाला सीडिस्क या चाचण्यांच्या डेटासाठीच्या मानकांनुसार ठरावीक स्वरूपात द्यावा लागतो. त्यासाठी सॅस जाणणारे प्रोग्रॅमर लागतात आणि यातले बरेच काम भारतात होते. त्यानंतर बाईंनी लॅपटॉप माझ्याकडे वळवून एक स्तंभालेख दाखवला : ‘आमच्या विद्यार्थ्यांचे सरासरी वार्षिक पॅकेज ९ लाख.’

शुल्क ८५,००० रुपये आणि सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे वेगळे १२,०००. एवढी रक्कम जवळ नाही म्हटल्यावर बाई म्हणाल्या, ‘‘अगं, हप्त्यांची सोय आहे ना!’’ त्यांच्या टॅबवर मी आधार क्रमांक आणि मागोमाग दोन ओटीपी दिले. ती सोय म्हणजे एका वित्त कंपनीने माझ्या नावावर दिलेले कर्ज होते आणि सगळी रक्कम त्याच आठवड्यात संस्थेच्या खात्यात गेली होती, हे पहिला हप्ता कापला गेल्यावर समजले.

लायसन्सचा उलगडा दुसऱ्याच तासाला झाला. सरांनी लॉगिन केले तेव्हा पडद्यावर ‘सॅस ऑनडिमांड फॉर अकॅडेमिक्स’ अशी अक्षरे होती. शिकणाऱ्यांना ही सेवा सॅस कंपनी विनामूल्य देते. मी विचारले, तेव्हा सर हसले आणि पुढचा प्रोग्रॅम चालवू लागले.

चौथ्या महिन्यात वर्ग आटोपले आणि नोकरीऐवजी प्रस्ताव आला : आणखी ३०,००० रुपये भरा, परराज्यातल्या एका कंपनीचे दोन वर्षांच्या अनुभवाचे पत्र मिळेल. माझी आतेबहीण एचआरमध्ये आहे. तिने फोनवरच खडसावले, ‘‘वेडी आहेस का? तुझ्या यूएएनवर, म्हणजे पीएफ क्रमांकावर, त्या कंपनीच्या नोंदी मागितल्या की दोन मिनिटांत उघडी पडशील.’’ मी नकार दिला. त्या दिवसापासून बाईंनी माझा फोन उचललेला नाही.

मग तो स्तंभालेख नीट तपासायला घेतला, जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते. त्यामागच्या यादीत १२ नावे होती. एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळले की त्यांतल्या दहा जणांना ३ लाखांच्या आसपास मिळत होते आणि दोघे अमेरिकेत होते. त्यांच्या डॉलरमधल्या पगाराचे सरळ रुपये करून प्रत्येकी ३९ लाख धरले होते. भागाकार करा, बरोबर ९ येतात. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा पगार, मात्र ३. शिवाय ही बारा नावे किती जणांपैकी, हे मी विचारलेच नव्हते. अंश पाहिला आणि छेद विसरले, जी चूक प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माफ नसते. खरे तर छेद माझ्या पावतीवरच छापलेला होता : प्रवेश क्रमांक १६३.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि वित्त कंपनीलाही लेखी कळवले आहे. तिचे उत्तर आले : वर्ग आणि कर्ज हे दोन वेगळे करार आहेत. दर महिन्याच्या ५ तारखेला हप्ता कापला जातो. अजून अकरा बाकी आहेत.