एका सुताची फसवणूक: एसएई ३ चा गिअरबॉक्स ‘एसएई २’ म्हणून गळ्यात

अमेरिकेत जुन्या पिकअपमधलं थकलेलं पेट्रोल इंजिन काढून तिथे कमिन्सचं ५.९ लिटरचं ६बीटी डिझेल बसवणारे पुष्कळ आहेत. आपल्याकडे टाटांच्या ट्रकमध्ये वर्षानुवर्षं धावलेलं, जमशेदपूरला बनलेलं ते हेच इंजिन. तिकडे ते बहुतेकदा भंगारात निघालेल्या शाळेच्या बसमधून किंवा डिलिव्हरी ट्रकमधून मिळतं. मग त्याच्यामागे लावायला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स शोधावा लागतो आणि फसवणूक या दुसऱ्या खरेदीत होते.

खाली दिलेल्या सौद्यात घेणाऱ्याच्या इंजिनाला एसएई २ मापाचं (एसएई ही अमेरिकन अभियंत्यांची संस्था, २ हा तिच्या ठरलेल्या मापाचा क्रमांक) फ्लायव्हील हाऊसिंग, म्हणजे इंजिनाच्या मागच्या चाकाभोवतीचं कवच, होतं. विकणाऱ्याने अ‍ॅलिसन कंपनीचा एटी५४५ हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दाखवला आणि जाहिरातीत लिहिलं, ‘एसएई २, लॉकअपसह, कमिन्सला थेट बसतो’. लॉकअप म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) इंजिनाशी थेट जोडणारा क्लच. बेलहाऊसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या भागाच्या, तोंडावर आडवा टेप धरलेला फोटोही होता. टेपवर साडेसतरा इंचांच्या किंचित पुढचं माप दिसत होतं. एसएई २ च्या तक्त्यात १७.६२५ इंच लिहिलेलं असतं, त्यामुळे घेणाऱ्याची खात्री पटली आणि पैसे गेले. प्रत्यक्षात आलेला गिअरबॉक्स एसएई ३ चा होता, आणि लॉकअप तर त्याला नव्हताच.

फोटोतला टेप खरा होता, फक्त चुकीच्या जागी धरला होता. एसएईच्या गोल हाऊसिंगला तीन व्यास असतात आणि गोंधळ तिथेच घालता येतो. पहिला पायलटचा. गिअरबॉक्सच्या तोंडावरची जी उभी कड इंजिनाच्या हाऊसिंगमध्ये घट्ट बसते, तिचा हा व्यास. दुसरा बोल्टच्या भोकांच्या मध्यांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा. तिसरा फ्लँजच्या, म्हणजे भोकं असलेल्या कडेच्या पट्ट्याच्या, बाहेरच्या काठाचा. एसएई ३ मध्ये ही मापं अनुक्रमे १६.१२५, १६.८७५ आणि १७.७५ इंच आहेत. एसएई २ मध्ये १७.६२५, १८.३७५ आणि १९.२५ इंच. आता एसएई ३ चा बाहेरचा काठ, १७.७५, आणि एसएई २ चा पायलट, १७.६२५, शेजारी ठेवून पाहा. फरक ०.१२५ इंचाचा, म्हणजे बरोबर एका सुताचा. टेप जरासा तिरका धरला किंवा कॅमेरा एका बाजूला कलला, की एक सूत फोटोत सहज हरवतं. विकणाऱ्याने टेप बाहेरच्या काठावर धरला आणि आकडा पायलटचा म्हणून सांगितला.

भोकं मोजूनही हे उघड होत नाही. एसएई ४, ३, २ आणि १ या चारही मापांना बाराच भोकं असतात, सारख्या अंतरावर. ३ आणि २ ला बोल्टही एकच, तीन सुती किंवा १० मिलिमीटरचा. एसएई १ ला साडेतीन सुती बोल्ट लागतो, म्हणून तो निदान हाताला वेगळा कळतो. ‘बारा भोकं आहेत, तीन सुती बोल्ट आहे, म्हणजे जुळेल’ एवढ्या हिशेबावर कुणी सौदा पक्का करत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

खरी ओळख शेजारच्या दोन भोकांमधल्या अंतरावरून होते, आणि त्यासाठी साधी स्टीलची पट्टी पुरते. एका भोकाच्या डाव्या कडेपासून पुढच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत सरळ रेषेत मोजा. हेच मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर. एसएई ४ ला ते ९८.६ मिलिमीटर येतं, एसएई ३ ला ११०.९, एसएई २ ला १२०.८ आणि एसएई १ ला १३७.२. ३ आणि २ मध्ये जवळजवळ १० मिलिमीटरचा फरक पडतो. तो तिरक्या फोटोतही लपत नाही, कारण पट्टी जेमतेम पाच इंचांवर धरायची असते. गिअरबॉक्स अजून ट्रकखाली लटकत असला तरी बोल्टच्या डोक्यांवरून हेच माप घेता येतं. मध्यापासून मध्यापर्यंत धरायचं, एवढंच. तीन-चार जोड्या मोजा. एखादं अंतर वेगळं आलं किंवा भोक लांबट दिसलं, तर कुणीतरी ते कानसून वाढवलेलं आहे. महाराष्ट्रात जनरेटरवर काम करणाऱ्यांना हे नवं नाही. एकाच बेअरिंगचा अल्टरनेटर मागवताना ‘एसएई ३, साडेअकराची डिस्क’ असं सांगतात, तो हाच ३.

माल आल्यावर काय दिसलं ते सांगायला हवं, कारण यावरूनही ओळखता येतं. एसएई ३ चं तोंड एसएई २ च्या हाऊसिंगवर टेकवलं तर ते आत पडत नाही. बाहेरचा काठ चारी बाजूंनी जेमतेम अर्धा सूत लोखंडावर टेकतो आणि क्षणभर वाटतं की बसलं. पण त्याची बाराही भोकं इंजिनाच्या मोकळ्या तोंडावर येतात, समोर आटेच नसतात.

तक्रार केल्यावर विकणाऱ्याने सुचवलं, ‘मध्ये अ‍ॅडॉप्टर प्लेट टाका’. ऐकायला सोपं वाटतं. पण फ्लायव्हील हाऊसिंग आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये प्लेट आली, की तिच्या जाडीइतका टॉर्क कन्व्हर्टर फ्लेक्सप्लेटपासून (इंजिनाच्या क्रँकला लावलेली, कन्व्हर्टर फिरवणारी पातळ चकती) मागे जातो. तेवढ्याच जाडीचा स्पेसर क्रँकच्या टोकाला लावला नाही, तर बोल्ट ओढताना कन्व्हर्टर पुढे खेचला जातो आणि पंपाच्या दात्यांतून निम्मा बाहेर येतो. मग पंप घासतो, फुटतो आणि तेलात धातूचा चुरा फिरतो. पिकअपच्या गिअरबॉक्समध्ये हाऊसिंग कसल्यावर कन्व्हर्टर पूर्ण मागे ढकलून फ्लेक्सप्लेटपर्यंत साधारण ३ ते ५ मिलिमीटर मोकळं अंतर राहावं लागतं. अ‍ॅलिसनची मांडणी वेगळी आहे, तिथे मॉडेलच्या पुस्तकातलंच माप धरावं.

दुसरा सल्ला याहून वाईट मिळतो: नवी भोकं पाडा. गिअरबॉक्सचा मध्य पायलट आणि पिकअपमध्ये दोन डॉवेल पिना (जागा अचूक धरणाऱ्या खिळ्या) धरतात. बोल्ट फक्त आवळतात. पायलटशिवाय नुसत्या बोल्टवर बसवलेला गिअरबॉक्स क्रँकच्या मध्याशी जुळत नाही. आधी पुढचं सील गळतं, मग पंपाचं बुश जातं, शेवटी फ्लेक्सप्लेटला मध्याभोवती चीर पडते. जोडणी कोणतीही असो, डायल गेज (सूक्ष्म फरक दाखवणारं घड्याळी मापक) क्रँकवर बसवून हाऊसिंगच्या आतल्या व्यासावर आणि तोंडावर एकेक फेरा फिरवून पाहावाच.

लॉकअपचं खोटं तर नावाच्या पट्टीवरूनच पकडता येतं. एटी५४५ ला लॉकअप कधीच नव्हतं. ते एमटी६४३ ला असतं. पट्टीवर मॉडेल, सिरीयल आणि असेंब्ली क्रमांक असतात. पट्टी घासलेली, रंगवलेली किंवा गायब असेल, तर तो गिअरबॉक्स सोडून द्या, किंमत कितीही कमी असली तरी.

पिकअपच्या गिअरबॉक्सांत फसवणुकीचा प्रकार थोडा वेगळा असतो, कारण तिथे बेलहाऊसिंग केसमध्येच ओतलेलं असतं आणि बदलता येत नाही. डॉजचा ४७आरई कमिन्सच्या मागेही आला आणि पेट्रोलच्या ५.९ व्ही८ मागेही. केस वेगळी, नाव तेच. पेट्रोलचा ‘कमिन्सचा ४७आरई’ म्हणून विकण्याचे प्रकार याच नावामुळे होतात. फोर्डच्या ई४ओडीचीही तीच गत: ३०२ आणि ३५१ घनइंचांच्या पेट्रोल इंजिनांची केस वेगळी, ४६० ची वेगळी, ७.३ लिटर डिझेलची वेगळी. अशा वेळी कोणत्या वर्षाच्या, कोणत्या इंजिनाच्या गाडीतून काढला हे विचारून गाडीच्या व्हीआयएनचा, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकाचा, फोटो मागा. व्हीआयएनचं आठवं अक्षर अमेरिकन पिकअपमध्ये इंजिन सांगतं. अ‍ॅलिसन १००० चं पुढचं हाऊसिंग मात्र सुटतं, म्हणून ‘कोणत्या हाऊसिंगसह’ हा प्रश्न तिथे आधी.

पैसे देण्याआधी एकच अखंड व्हिडिओ मागा: नावाच्या पट्टीपासून सुरू होऊन कॅमेरा न थांबवता बेलहाऊसिंगच्या तोंडापर्यंत, आणि तिथे शेजारच्या दोन भोकांवर पट्टी धरलेली. वेगवेगळे फोटो वेगवेगळ्या गिअरबॉक्सचे असू शकतात. पेपालमध्ये ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने पाठवू नका, त्याला खरेदीचं संरक्षण नाही, या सौद्यात पैसे असेच गेले होते. क्रेडिट कार्डाने दिले असतील तर रक्कम ज्या बिलात पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेला लेखी कळवता येतं. ऑनलाइन फसवणुकीची तक्रार एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रार केंद्राकडे नोंदवता येते. वाहतूकदाराने पॅलेट उतरवला की सही करण्याआधी दोन भोकांवर पट्टी धरून फोटो काढा.

आणि गिअरबॉक्स परत जाणारच नसेल, पण आतून चांगला असेल, तर प्लेटच्या नादी लागू नका. ६बीटीला एसएई ३ चं फ्लायव्हील हाऊसिंगही येतं. इंजिनाचंच हाऊसिंग बदला. हाऊसिंग, फ्लेक्सप्लेट, रिंग गिअर (स्टार्टर ज्याला फिरवतो ते दातेरी कडं) आणि स्टार्टर या चारही वस्तू एकाच इंजिनावरून उतरवलेल्या घ्या, नाहीतर स्टार्टरचे दाते रिंगला अर्धेच लागतात.