ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेची नवी दृश्य ओळख : स्टुडिओ, स्पर्धा की सर्वांसमक्ष काम?

गडचिरोली, यवतमाळ किंवा मेळघाटात जिल्हा परिषदेच्या शाळांना मुक्त सॉफ्टवेअर बसवून देणाऱ्या, शेतकऱ्यांच्या मोबाइलवर हवामान आणि बाजारभाव पोहोचवणाऱ्या ना-नफा संस्थेला आपले जुने बोधचिन्ह बदलावेसे वाटले, की विश्वस्तांपुढे साधारणपणे तीन मार्ग येतात. नागपूर, पुणे किंवा मुंबईच्या एखाद्या स्टुडिओकडे काम सोपवावे, खुली स्पर्धा जाहीर करावी, किंवा एकच रचनाकार (डिझायनर) नेमून त्याचे काम पहिल्या कच्च्या आराखड्यापासून लोकांसमोर मांडत न्यावे. माझा कल तिसऱ्या मार्गाकडे आहे, पण काही अटींसह.

स्पर्धेचे आकर्षण समजण्यासारखे आहे. 2010 साली रुपयाचे चिन्ह स्पर्धेतून आले आणि त्याच वर्षी आधारचे बोधचिन्हही. ते पुण्याच्या अतुल पांडे यांचे होते. मात्र रुपयाचे चिन्ह काढणारे डी. उदय कुमार आयआयटी मुंबईत रचनाशास्त्राचे संशोधन करत होते, म्हणजे अक्षरांचा अभ्यास स्पर्धेच्या कितीतरी आधी झालेला होता. अशा अभ्यासू माणसांना ओढून घेणारी राष्ट्रीय प्रसिद्धी तालुक्याच्या संस्थेकडे नसते. तिच्या वाट्याला बहुधा तयार चित्रे जोडून केलेल्या प्रवेशिका येतात, आणि संस्थेशी एकदाही न बोललेल्या माणसांच्या पूर्ण झालेल्या चित्रांतून एक निवडावे लागते. शिवाय एकाला बक्षीस मिळते आणि उरलेल्या सर्वांचे श्रम फुकट जातात. श्रमाला मोल असते असे गावात सांगणाऱ्या संस्थेने हा मार्ग घेऊ नये, असे मला ठामपणे वाटते.

स्टुडिओचे काम नेटके आणि वेळेत होते, ही त्याची खरी जमेची बाजू आहे. अनुदानाच्या वर्षात सगळे बसवायचे असेल तर तिला कमी लेखता येणार नाही. अडचण दोन ठिकाणी येते. पहिली म्हणजे निर्णय बंद खोलीत होतो आणि कार्यकर्त्यांना तो छापून आल्यावर कळतो. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाने वुल्फ ऑलिन्स या नामांकित रचनासंस्थेच्या मदतीने आपल्या नावाचा आणि ओळखीचा फेरविचार चालवला होता, तेव्हा 2020 मध्ये स्वयंसेवकांनी जाहीर पत्र काढून विरोध केला आणि ते काम थांबवावे लागले. मत विचारले गेले होते, पण नावाची दिशा आधीच ठरलेली आहे अशी अनेकांची भावना झाली होती.

दुसरी अडचण अक्षरांची आहे आणि आपल्यासाठी ती अधिक गंभीर आहे. पुष्कळ स्टुडिओ आधी रोमन अक्षरांत नाव रचतात आणि देवनागरी नंतर शेजारी बसवतात. विकिपीडियाच्या बोधचिन्हातल्या जुन्या गोलकावर देवनागरी ‘वि’ची वेलांटी चुकीच्या बाजूला पडली होती आणि ती 2010 च्या नव्या रेखाटनात दुरुस्त झाली, जगभर पाहिल्या जाणाऱ्या चिन्हावर ही चूक इतकी वर्षे राहते, तर तालुक्याच्या फलकाचे काय? मराठीचा पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ राज्य शासनाने 2009 च्या निर्णयात नमूद केले आहेत, तरीही अनेक फॉन्टमध्ये हिंदी वळणाची रूपेच आधी उमटतात. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ नीट जुळतात का, हेही नाव छापण्याआधी पाहायला हवे. ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू, गूगलचा नोटो, मराठी रूपे धरून बांधलेला टिरो देवनागरी मराठी हे सगळे फॉन्ट मुक्त परवान्याने विनामूल्य मिळतात. त्यामुळे फॉन्टवर खर्च न करता तो पैसा नावाची अक्षरे हाताने नीट बसवून घेण्यावर लावावा. लोक चित्र विसरतात, पण फलकावरचे नाव वाचूनच दारात येतात.

सर्वांसमक्ष काम करण्याचे सर्वांत परिचित उदाहरण फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे आहे. 2016 मध्ये त्यांनी लंडनच्या जॉन्सन बँक्स या संस्थेला रीतसर नेमले, सात वेगवेगळ्या दिशा कच्च्या स्वरूपात जाहीर केल्या, हजारो अभिप्राय घेतले आणि जानेवारी 2017 मध्ये अंतिम चिन्ह मांडले. त्यासोबत आलेला झिला हा फॉन्ट कोणालाही वापरता येतो, मात्र त्यात देवनागरी नाही. येथे मतदान नव्हते, हे लक्षात घ्यावे: ऐकले सर्वांचे, ठरवले मोजक्यांनी. डिसेंबर 2024 मध्ये त्यांनी पुन्हा नवी ओळख आणली, म्हणजे खुलेपणा टिकाऊपणाची हमी देत नाही. लोकांना कारणे कळतात आणि चुका छापण्याआधी सापडतात, एवढे तो नक्की देतो.

विदर्भातल्या खेड्यात हे काम संकेतस्थळावर होणार नाही. आराखडे काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर काढून शाळेत, बचत गटाच्या बैठकीत आणि आठवडी बाजारात न्यावेत. ‘आवडले का?’ असे विचारल्यास सगळे पाहुण्याचा मान राखून होकार देतात. त्याऐवजी ‘हे नाव वाचून दाखवता का?’ आणि ‘ही संस्था काय करत असेल?’ असे विचारावे. गडचिरोलीत हेच प्रश्न गोंडी बोलणाऱ्यांना आणि धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू बोलणाऱ्यांना त्यांच्या भाषेत विचारावेत. मग तेच चिन्ह रबरी शिक्क्यावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल चौकटीत आणि पेंटरच्या हातून भिंतीवर उतरवून पाहावे. चंद्रपूरच्या मे महिन्यात फ्लेक्सवरचा लाल आणि पिवळा रंग निळ्या-काळ्याआधी उडतो, म्हणून चिन्हाचा अर्थ रंगावर टेकलेला नसावा.

मार्ग कोणताही घेतला तरी करार लेखी हवा. 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार बाहेरच्या रचनाकाराने काढलेल्या चिन्हाचा हक्क केवळ पैसे दिल्याने संस्थेकडे येत नाही, त्यासाठी लेखी हस्तांतरण लागते. आणि त्यात मुदत लिहिली नसेल, तर ती पाचच वर्षांची धरली जाते. व्यापारचिन्ह म्हणून ऑनलाइन नोंदणी करायची असल्यास न्यासाला वस्तू-सेवांच्या प्रत्येक वर्गासाठी 9,000 रुपये शुल्क पडते आणि नोंदणी 10 वर्षे टिकते. सेवाग्रामच्या प्रभावाने गांधीजींचे चित्र चिन्हात घ्यावेसे वाटेल, पण 1950 च्या बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापर प्रतिबंधक कायद्यामुळे ते व्यापारचिन्हात वापरता येत नाही. करारात मूळ एसव्हीजी फाइल (कितीही मोठी केली तरी न फाटणारी), वापरलेल्या फॉन्टचे परवाने आणि एकरंगी आवृत्ती संस्थेच्या ताब्यात देण्याची अट घालावी, आणि शेवटचा हप्ता हे सर्व हाती आल्यावरच द्यावा.